पारच्या काठचं गाव

नाशिककरांचं वीकेंडचं गणित ठरलेलं असतं. वायनरी, नाहीतर इगतपुरी, फारच देव आठवला तर त्र्यंबकेश्वर. पेठला चाललोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, 'तिथे काय आहे?' तिथे पॉइंट नाही, रिसॉर्ट नाही, आणि आमच्या गावात मोबाईलला रेंजही एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तरच येते. 'आमचं गाव' म्हणतेय खरी, पण ते माझ्या ऑफिसमधल्या मित्राचं. त्याची आई तिथे राहते. गावाचं नाव सांगणार नाही, नाहीतर पुढच्या शनिवारी तिथे पंधरा गाड्या आणि एक ड्रोन हजर!

नाशिकपासून पेठ साधारण ५५ किलोमीटर. सावळ घाट ओलांडला की नुसता डोंगर नाही, पाण्याची दिशाच बदलते. आपली गोदावरी अख्खा देश पार करून बंगालच्या उपसागराला जाते. पेठच्या नद्यांना मात्र समुद्राची घाई. दमणगंगा थेट दमणला, पार नदी वलसाडच्या बाजूला. गुजरात इतका जवळ, की म्हातारी माणसं बोलता बोलता कधी कोकणी बोलीतून गुजरातीत शिरतात ते त्यांनाही कळत नाही.

इंग्लंडमधल्या बायबरीसारख्या खेड्यांचे फोटो आपण कॅलेंडरवर बघतो. दगडी पूल, संथ नदी, काठावर बदकं. पार नदी तशी सभ्य नाही. ऑगस्टमध्ये ती तांबडी, फुगलेली असते आणि रात्रभर ओरडते. भाताच्या खाचरांच्या पायऱ्या तिच्यापर्यंत उतरत येतात, वरच्या उताराला नागली आणि वरई. (तीच नागली, जी शहरात 'रागी कुकीज' झाली की सोन्याच्या भावाने विकली जाते.) रोपं लावण्याआधी जमिनीवर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. मे महिन्यात त्याचा वास अंगणभर असतो. घरं कुडाची, शेणाने सारवलेली, वर कौलं. दारात मोहाचं झाड. रात्री तरुण पोरं बॅटरी घेऊन खेकडे धरायला ओढ्यात उतरतात. एकदा मीही गेले होते. खेकडा सोडा, माझी चप्पलही परत आली नाही.

या शांत गावांना इतिहास नाही असं समजू नका. पेठ हे छोटं संस्थान होतं. १८५७च्या उठावात इथल्या भगवंतराव राजांना इंग्रजांनी फाशी दिली, आणि १८७८मध्ये संस्थान संपून तालुका झाला. गावात हे कुणी भाषण देऊन सांगत नाही. बोहाड्यात मुखवटे घालून रात्रभर नाचणारी माणसं ती, त्यांना आपल्यासारखी ऐतिहासिक भाषणं लागत नाहीत.

आता खरी गंमत, किंवा गंमत नव्हेच. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात बायका पाण्यासाठी वणवण करतात. काळा कातळ आणि तीव्र उतार, पाणी मुरायला थांबतच नाही. एप्रिल २०२५मध्ये याच तालुक्यातल्या बोरीची बारी गावात विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या बायकांची दृश्यं टीव्हीवर आली होती. आमच्या गावात नदीच्या वाळूत झिरा खणतात. वाटीवाटीने हंडा भरायचा. मावशींचा नंबर पहाटे तीनला. मी पहिल्यांदा सोबत गेले तेव्हा दोन हंड्यांना पाऊण तास लागला, आणि त्यातही मावशींनी माझ्या डोक्यावर हंडा दिला नाही, 'सांडशील' म्हणाल्या.

आणि याच नदीचं पाणी 'जास्त' आहे असं कागद म्हणतात! पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पाच्या आराखड्यात सात धरणं आहेत. सहा गुजरातमध्ये, आणि झेरीचं एक आपल्या पेठ तालुक्यात, याच पारवर. २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याचा उल्लेख झाला, धरमपूर-डांगच्या आदिवासींनी मोर्चे काढले आणि मे महिन्यात गुजरात सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. २०२५मध्ये पुन्हा चर्चा, पुन्हा मोर्चे. आपण शहरात बसून विकासावर मस्त वाद घालतो. मावशींचा प्रश्न त्याहून लहान आणि त्याहून अवघड: घराचं छप्पर दुरुस्त करायचं की नाही? बुडणार असेल तर खर्च कशाला, आणि नसेल तर दरवर्षी गळक्या घरात का राहायचं? पाच वर्षं हा निर्णय अडून होता. दिवाळीनंतर अर्धं गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातं. घरं तेव्हा कुलपात, आणि घाटाखाली कुणी अनोळखी जीप थांबली की मोजणीवाले आले अशी बातमी फिरते.

मित्राने खूपदा सांगितलं, नाशिकला फ्लॅट आहे, नळाला पाणी आहे, चल. मावशी आठ दिवस येतात आणि सातव्या दिवशी पिशवी भरून बसतात.

यंदा जूनच्या आत छप्पर करायचंच, असं त्याने ठरवलंय. तो पत्रा म्हणत होता, स्वस्त आणि झटपट. मावशींनी कौलंच हवीत म्हणून बजावलं. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होतो, की नदीला पूर चढलेला रात्री ऐकूच येत नाही.