लोखंडी मल्ल

पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या काठचा आमचा प्रदेश एके काळी शेतीचा होता. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे आकुर्डी, भोसरी, चाकण असा यंत्रांचा घरघराट पसरत गेला. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत आज यांत्रिक बाहू पत्र्यास पत्रा जोडतात. अशा परिसरातील मुलांना यंत्रांचे वेड लागले नाही, तरच नवल!

हे वेड मी सेवानिवृत्तीनंतर अगदी जवळून पाहिले. महाविद्यालयात शिकणारी माझी नात आणि तिचे चार मित्र यांनी आमच्या पडवीत झुंजीचा रोबो बांधावयास घेतला. अशा झुंजी पवईच्या आय. आय. टी.मधील ‘टेकफेस्ट’ या महोत्सवातही होतात. यंत्रे बंदिस्त आखाड्यात झुंजतात आणि त्यांना चालविणारी मुले बाहेर सुरक्षित उभी असतात.

कुस्तीप्रमाणे येथेही वजनगट असतात. मुलांनी पंधरा किलोंचा गट निवडला होता. सांगाडा, चाके, मोटारी, बॅटरी आणि शस्त्र हे सारे तेवढ्यातच बसवावयाचे! चिलखत जाड केले, की शस्त्र हलके करावे लागे. शस्त्र म्हणजे पोलादी दात्यांचा फिरता रूळ. त्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातील ऊर्जा चौपट होते. भोसरीच्या एका कसबी कारागिराने तो लेथवर कातून दिला. रूळ एका अंगास किंचित जड राहिला, तरी सारे यंत्र थरथरे. म्हणून मुले तो घासत आणि पुन्हा तोलून पाहत.

स्पर्धा दोन दिवसांवर आली. रुळाचा पट्टा काढून आणि यंत्र विटांवर उचलून ठेवून नातीने अखेरची परीक्षा घेतली. चाके फिरत असताना तिने हातातील नियंत्रक बंद केला. चाके थांबावयास हवी होती; ती फिरतच राहिली!

“आखाड्यात नियंत्रक कोण बंद करणार आहे?” एक मित्र म्हणाला.

“हे थांबत नाही, तोवर पडवीबाहेर जायचे नाही,” नात शांतपणे म्हणाली. “उद्या याच्यासमोर कुणाचा तरी हात असेल.”

मित्र रागावले, कुरकुरले. पण ती ढळली नाही. रात्रभर शोध चालला. संदेश तुटला, तरी शेवटचीच आज्ञा पाळत राहावे, अशी ग्राहकयंत्राची मांडणी होती. पहाटे ती बदलली. मग नातीने दहा वेळा नियंत्रक बंद केला आणि दहाही वेळा चाके थांबली.

‘रोबो’ या शब्दाचे मूळ मला तेव्हा आठवले. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून ‘रोबोट’ हा शब्द जगभर गेला. ज्या चेक शब्दापासून तो घडला, त्याचा अर्थ वेठबिगारी असा आहे. वेठीस धरलेले यंत्र आज्ञा पाळील. परंतु कोठे थांबावे, हे माणसानेच ठरवावयाचे असते.

आमचा मल्ल पहिली झुंज जिंकला आणि दुसरीत चीतपट झाला. वाकलेला सांगाडा घेऊन मुले परतली व त्याच संध्याकाळी तो उघडून बसली. मला मात्र त्या विजयापेक्षा पडवीतील तो ठाम नकारच अधिक मोलाचा वाटतो.