तिकिटाएवढा पोस्टमन

लग्नकार्यात माणसे जी अनेक वचने देतात, त्यांत सगळ्यांत हलक्या मनाने दिलेले वचन म्हणजे “फोटो पाठवतो हं!” हे. सप्तपदीच्या वेळची वचने निदान अग्नीच्या साक्षीने दिलेली असतात. हे वचन आइसक्रीमच्या कपाच्या साक्षीने दिले जाते. देणारा त्या क्षणी अगदी प्रामाणिक असतो. घेणाराही ते खरे मानून आपला पत्ता किंवा नंबर देतो. मग वर्षा-दोन वर्षांनी कोणाच्या तरी मुंजीत दोघांची पुन्हा गाठ पडते, तेव्हा फोटोचा विषय दोघेही सफाईने टाळतात आणि पावसापाण्याच्या गोष्टी बोलत बसतात. आजवर न पोचलेल्या फोटोंचे एक गाव वसवायचे म्हटले, तर ते पुण्याहून मोठे होईल असे मला वाटते.

पूर्वी या दिरंगाईला निदान सबब होती. कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल घातलेला असे आणि तो पुरता संपल्याखेरीज बाहेर काढायचा नाही, असा घरोघरी दंडक असे. गणपतीत १८ फोटो निघत. उरलेले १८ दिवाळीची वाट पाहत कॅमेऱ्याच्या अंधारात बसून राहत. दिवाळीनंतर केव्हातरी रोल धुवायला जाई. चार दिवसांनी पिवळे पाकीट घरी आले की सारे घर त्याच्याभोवती गोळा होई. त्यात दोन फोटो कोरे, एकात मामांचे डोके छाटलेले आणि एकात नुसताच पंखा! पण एक गोष्ट त्या काळात चांगली होती. जास्तीची प्रत पैसे मोजून काढलेली असे. ती ज्याची त्याला पाठवावीच लागे. घरात ठेवून तिचे करायचे काय?

मग कॅमेऱ्यातला रोल गेला. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने रोलवाचून चालणारा एक कॅमेरा जुळवला होता. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक भरे आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. एवढ्या वेळात आमच्याकडची मुले तीनदा जागा बदलतात! त्या कॅसेटची जागा पुढे चिमुकल्या कार्डांनी घेतली. मात्सुशिता, तोशिबा आणि सॅनडिस्क या तीन कंपन्यांनी मिळून १९९९ मध्ये जे एसडी कार्ड पुढे आणले, ते ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद आणि वजनाला जेमतेम दोन ग्रॅम. पोस्टाचे तिकीटच म्हणा ना! फक्त थोडे जाड.

आता फोटोला पैसे पडेनासे झाले, आणि जी वस्तू फुकट मिळते तिचे जे होते तेच फोटोंचे झाले. ३६ फोटो काढणारा माणूस ६०० काढू लागला आणि पाठवीनासा झाला. कारण पाठवायचे म्हणजे आधी ती तार शोधायची. ही तार ज्या खणात असते त्यात तिच्यासारख्याच आणखी अकरा तारा असतात, आणि त्यांतली एकही कॅमेऱ्याला लागत नाही. ती सापडलीच तर कॉम्प्युटर सुरू करायचा, ६०० फोटो त्यात उतरवायचे आणि त्यांतले बरे निवडायचे. या निवडीपाशी भलेभले हरतात. “रविवारी सवडीने बघू” असे म्हणून कॅमेरा कपाटात जातो, आणि पुढचे लग्न येईपर्यंत तो रविवार काही उगवत नाही.

या आळशी मनुष्यजातीची दया येऊनच की काय, २००७ साली अमेरिकेतल्या आय-फाय नावाच्या कंपनीने एक नवेच कार्ड काढले. दिसायला तेच तिकीट. पण आत साठवणीच्या जोडीला एक इवलीशी बिनतारी यंत्रणा बसवलेली. घरातल्या वायफायचे नाव आणि परवलीचा शब्द कार्डाला एकदा पढवून ठेवायचा. मग कॅमेरा घेऊन उंबरठ्याच्या आत आले की काढलेले फोटो आपोआप कॉम्प्युटरात जाऊन पडत. पुढे २०१२ साली तोशिबाचे फ्लॅशएअर आले. त्याला घरच्या वायफायचीही गरज नसे. ते स्वतःच आपल्याभोवती एक लहानसे नेटवर्क उभारी आणि जवळचा फोन त्याला जोडला की फोटो त्यावर दिसू लागत. आजवर तिकीट पाकिटाला चिकटून जात असे; आता तिकीटच पोस्टमन झाले.

अर्थात पोस्टमनच्या खोड्याही त्याच्यात होत्या. त्याला स्वतःची बॅटरी नसते. कॅमेऱ्याच्या बॅटरीवर पोसलेले हे आश्रित. कॅमेरे मोठे काटकसरी. दोन मिनिटे कोणी हात लावला नाही की ते डोळे मिटतात, आणि मालकाने डोळे मिटल्यावर आश्रिताने काय करावे? अर्धा फोटो इकडे, अर्धा तिकडे, अशी अवस्था होई. शिवाय कॅमेऱ्याच्या पोटातून निघालेल्या त्या दुबळ्या लहरी फार लांब जात नसत. दोन भिंती मध्ये आल्या की पोस्टमन धापा टाकू लागे.

पण या पोस्टमनचे खरे मोल मला कळले ते साताऱ्याला, आमच्या थोरल्या काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी. माझ्या भाच्याच्या कॅमेऱ्यात असले कार्ड होते आणि त्याला जोडलेला टॅब्लेट त्याने माझ्या हाती दिला होता. माजघराच्या कोपऱ्यात खुर्चीवर मिरजेची आत्या बसली होती. तिचे गुडघे गेलेले. हॉलमधल्या गर्दीत जाणे तिला शक्य नव्हते. मी टॅब्लेट तिच्या मांडीवर ठेवला. जरा वेळाने त्यावर काका दिसले, चांदीच्या तबकातल्या दिव्यांनी ओवाळून घेताना. मग होम. मग पंगतीतली मुले. भिंतीपलीकडचे कार्य एकेका फोटोने तिच्या मांडीवर येऊन उतरत होते. “अगंबाई, हे आत्ताचं?” असे ती दर वेळी विचारी आणि मी दर वेळी “आत्ताचं” म्हणे.

इतक्यात डोंबिवलीची आत्या तिच्याशेजारी येऊन टेकली. दोघी सख्ख्या बहिणी, तीन वर्षांनी भेटत होत्या. भाच्याने दारातूनच दोघींचा फोटो टिपला. पाच-सहा सेकंद गेले असतील. दोघी टॅब्लेटमध्ये अवतरल्या.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मिरजेची आत्या म्हणाली, “माले, आपण दोघी आईसारख्या दिसायला लागलो गं!”

“तू दिसतेस. मी अजून मावशीसारखी दिसते,” डोंबिवलीची आत्या म्हणाली, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. भाचा नेहमीच्या सवयीने म्हणाला, “आजी, पाठवतो हं फोटो.” त्यावर मिरजेची आत्या म्हणाली, “आता कशाला पाठवतोस बाळा? पाहिला की मी!”

पुढच्या चैत्रात मिरजेची आत्या गेली. तो फोटो आम्हां सगळ्यांना पुढे यथावकाश मिळाला. रविवारी, सवडीने मिळाला असता तरी आमचे काही अडले नसते. पण तिला तो त्या संध्याकाळीच पोचायला हवा होता, आणि पोचला. तेव्हापासून मी या बिनतारी घाईला नावे ठेवीत नाही. फोटो काढणाऱ्याला सवड असते. फोटोतल्या माणसाला ती असतेच असे नाही.

तुम्ही म्हणाल, मग हे कार्ड म्हणजे चिंतामणीच झाला. तसेही नाही. २०१६ साली आय-फायने जाहीर केले की आपल्या जुन्या कार्डांची सेवा १६ सप्टेंबरनंतर बंद होईल. ही कार्डे कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरांच्या आधाराने चालत. तो आधार निघताच हातातली धडधाकट कार्डे, काही न तुटता, मुकी होणार होती. मालक चिडले, हे सांगायला नकोच. पोस्टमन ठणठणीत, पण पोस्ट ऑफिसच उठून गेले! आणि आता तर त्या पोस्टमनचीच गरज सरत आली आहे. नव्या कॅमेऱ्यांत वायफाय घडवतानाच बसवलेले असते, आणि बहुतेकांचा कॅमेरा म्हणजे खिशातला फोन.

पोचवणे एक आणि टिकवणे दुसरे. पोचवण्याचे काम यंत्राने आपल्या डोक्यावर घेतले; टिकवण्याचे काम अजून आपलेच आहे. या कार्डांच्या पोटात जी ‘फ्लॅश’ स्मृती असते ती फुजिओ मासुओका या जपानी शास्त्रज्ञाने शोधली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. तिचे नाव सुचवले त्यांच्या एका सहकाऱ्याने. आतले सारे एका झटक्यात पुसले जाते ते पाहून त्याला कॅमेऱ्याचा लखलखाट आठवला, म्हणून ‘फ्लॅश’. काय गंमत आहे पाहा! जिच्या भरवशावर आपण घरादाराच्या आठवणी सोपवतो, तिचे बारसेच मुळी पुसण्यावरून झाले आहे.

म्हणून डोंबिवलीच्या आत्याने केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. तिने तो फोटो स्टुडिओत नेऊन कागदावर काढून घेतला, साधी लाकडी चौकट केली आणि स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याच्या वर टांगला. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा मी म्हटले, “दिवाणखान्यात का नाही लावलास?” ती चहा गाळता गाळता म्हणाली, “तिथे पाहुणे बघतील. इथे मी बघते.”