बंद घराची किल्ली

दरवर्षी १ मेला शाळेत झेंडावंदन झाले, मुलांच्या हातात निकालपत्रके दिली, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी पनवेलच्या एसटी स्टँडवर असते. पिशवीत वाळवीचे औषध, फिनेल, दोन नवी कुलपे आणि पर्समध्ये सात किल्ल्यांचा जुडगा. शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, "बाई, सुट्टीत यंदा कुठे?" मी सांगते, "माहेरी." खरे तर त्या माहेरी आता कोणीच राहत नाही.

आमचे गाव मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या खाडीजवळ. भाईजान कुवेतला असतात, धाकटा लंडनला. आपा मुंब्र्याला आणि मी पनवेलला. दोघा भावांसाठी गावचे घर म्हणजे समुद्रापलीकडचे दुसरे घर. वर्षा-दोन वर्षांतून पंधरा दिवस तिथे राहायचे, बाकीचे दिवस त्याची काळजी करायची. आमच्या भागात अशी घरे पाखाडीपाखाडीला आहेत. पूर्वी आमची माणसे बोटीवर जहाजी म्हणून गेली, काही केपटाऊनला जाऊन स्थायिक झाली, नंतर आखाताची वाट सापडली. प्रत्येकाने पहिला पैसा हातात आला तसा गावी चिरा उतरवला.

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे एसटी किती वाजता पोहोचेल हे कंडक्टरही सांगत नाही. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना तिकीट अर्धे झाले, एवढा मात्र आराम आहे. माणगावच्या पुढे महामार्ग सोडून गाडी आंबेतकडे वळते. बॅरिस्टर अंतुले यांचे हे गाव. आंबेतचा पूल ओलांडला, की रायगड संपतो आणि म्हाप्रळला रत्नागिरी जिल्हा लागतो. पुलावरून खाडीचे पाणी दिसले, की माझा हात आपोआप पर्समधल्या किल्ल्यांवर जातो.

हे घर अब्बांनी बांधले. ते १९७९ मध्ये कुवेतला गेले. १९८८ मध्ये जोते घातले आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेव्हा भिंती खिडकीच्या उंचीला आल्या होत्या. अब्बा जॉर्डनमार्गे विमानाने मुंबईला आले, तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय एक लहान बॅग होती. बँकेतले दिनार तिकडेच अडकले. दोन पावसाळे त्या अर्ध्या भिंतींवर शेवाळ चढले. कुवेत सुटल्यावर ते परत गेले आणि कौले चढली ती १९९४ मध्ये. म्हणून या घराची किंमत आम्ही भावंडे कधी लाखांत बोलत नाही. निदान बोलत नव्हतो.

अब्बा २०१३ मध्ये गेले, अम्मी २०१५ मध्ये. चाळिसावा झाला, भाऊ आपापल्या नोकरीवर परतले आणि जाताना भाईजानने जुडगा माझ्या हातात ठेवला. "तू जवळ आहेस, बघत जा." मी बघत राहिले. घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचे बिल. घर बंद असले, एकही दिवा लागला नाही, तरी विजेच्या बिलात स्थिर आकार येतोच. दोन-चार महिने भरले नाही, तर मीटर कापून नेतात आणि परत जोडताना दुप्पट धावपळ होते. पावसाळ्याआधी कौलांची डागडुजी, पडवीला झडी, विहिरीचा गाळ. सगळा खर्च मी एका शंभर पानी वहीत लिहिते. भावाने बहिणीच्या खात्यात पाठवलेल्या पैशावर बहिणीला आयकर लागत नाही, पण कोणाचे किती आले आणि कशावर गेले, ते लिहून ठेवलेले बरे. नात्यात हिशेब नको म्हणणारेच नंतर हिशेब विचारतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, सगळीकडे माडा-पोफळीची आगरे झोपली. आमच्या मागच्या अंगणातला फणस स्वयंपाकघरावर पडला. लॉकडाउन चालू, विमाने बंद. शेजारच्या चाचींनी मोबाइलवर फोटो पाठवला. अम्मीची चूल होती, तिथून आभाळ दिसत होते. लंडनला धाकटा तो फोटो बघून लहान मुलासारखा रडला.

नुकसानीचा पंचनामा झाला, पण मदत द्यायची कोणाला? घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अब्बांच्या नावे, मागचे आगर सातबारावर अब्बांच्या नावे, विजेचे मीटरही अब्बांच्या नावे. अब्बांना जाऊन सात वर्षे झालेली. वारसांपैकी एकाच्या खात्यात पैसे घ्यायचे, तर बाकीच्यांची लेखी संमती हवी. एक वारस कुवेतला, एक लंडनला. ती मदत आमच्या हातून गेली. यात कचेरीचा दोष नव्हता. सात वर्षांत आम्ही चौघांनी एक अर्ज केला नव्हता.

त्या वर्षी मलबा उपसताना अम्मीच्या कपाटात, जानमाजच्या घडीत, हजाराच्या चार नोटा सापडल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या रद्द झाल्या होत्या. अनिवासी भारतीयांना त्या बदलून घ्यायला ३० जून २०१७ पर्यंत मुदत होती, तीही केव्हाच टळलेली. घर बंद राहिले, की पैसासुद्धा असा कागद होऊन पडतो.

तेव्हापासून मी कागदांच्या मागे लागले. पहिले शिकले ते हे, की वारस नोंद एका ठिकाणी केली म्हणजे सगळीकडे होत नाही. सातबारासाठी तलाठ्याकडे वेगळा अर्ज, घराच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीत वेगळा आणि मीटरसाठी महावितरणकडे वेगळा. तलाठ्याकडचा अर्ज आता ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची नावे-पत्ते जोडायचे. मग नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

दुसरे, मुखत्यारपत्र. प्रत्येक कामासाठी भावांना विमानाने आणणे शक्य नव्हते. भाईजानने कुवेतच्या भारतीय दूतावासात सही करून कागद पाठवला. धाकट्याने लंडनच्या उच्चायुक्तालयातून. असा कागद इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. पाकीट सहामाहीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली अडीच महिने पडून होते. एका वकीलबाईंनी सहज विचारले म्हणून वाचले. त्यांनीच आणखी एक सांगितले, की मुखत्यारपत्र सरसकट देऊ-घेऊ नये. घरपट्टी, वीज, दुरुस्ती आणि वारस नोंद, एवढ्याच कामांपुरते लिहावे. विक्रीचा अधिकार त्यात नको. मी ते दोन्ही भावांना कळवले, तेव्हा धाकटा म्हणाला, "आपला काय तुझ्यावर भरवसा नाही का?" मी म्हटले, "भरवसा आहे म्हणूनच कमी लिही. उद्या माझ्यावर कोणी बोट ठेवायला नको."

आणि मग ती यादी आली. वारसांची नावे.

गावातले एक नातेवाईक कचेरीच्या कामात मदत करत होते. ते ओटीवर बसून म्हणाले, "बेटा, दोघा भावांचीच नावे घाल. तुम्ही दोघी बहिणी नाहीतरी हक्कसोड देणारच. उगाच चार नावे कशाला? पुढे विकायचे झाले, तर चार सह्या लागतील." माझ्या हातात पेन होते. अकरा वर्षे किल्ल्या माझ्याकडे होत्या. फणस कापून काढला तो मी, कौले मोजून घेतली ती मी, आणि कागदावर माझे नाव उगाच?

मी रात्री चौघांना व्हिडिओ कॉलवर घेतले. आपा गप्प. धाकटा म्हणाला, "चाचा चुकीचे बोलत नाहीत. लंडनमध्ये घराचे हप्ते चालू आहेत. कधीतरी विकावे लागले, तर सोपे हवे." मला राग आला, पण त्याचीही गोष्ट खोटी नव्हती. त्याची मुले तिथेच जन्मली. त्यांना गाव म्हणजे आंबे आणि डास. मी फक्त एवढेच म्हटले, "सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिलेले आहेत. ते मी किंवा तू ठरवलेले नाहीत. दोन भाऊ, दोन बहिणी. सहा भाग होतात. तुमचे दोन-दोन, आमचा एक-एक. मी आज ना वाटणी मागतेय, ना किंमत. पण नाव न लिहिता हक्क सोडायला लावणे आणि नाव लिहून मग मर्जीने सोडणे, यात फरक आहे."

भाईजान बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटले, नेट गेले. मग म्हणाले, "चौघांची लिही. अब्बांनी जोते घातले, तेव्हा आपाच्या बांगड्या गहाण होत्या." ही गोष्ट मला चाळीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. आपाने पदराने डोळे पुसले आणि कॅमेरा बंद केला. धाकटा त्या दिवशी नाराज होऊनच उठला. पण त्याने प्रतिज्ञापत्र पाठवले.

मागच्या मे महिन्यात नोंद मंजूर झाली. सातबाराच्या उताऱ्यावर चार नावे आली. मी तो उतारा अम्मीच्या कपाटात नाही, प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवला.

धाकट्याला आता उलट शेजारची कलमांची बाग घ्यायची हौस आली आहे. त्याला सांगावे लागले, की अनिवासी भारतीयाला किंवा परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्याला शेतजमीन, बाग किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. राहते घर किंवा बिगरशेती जागा घेता येते. वारशाने आलेली शेतजमीन मात्र ठेवता येते. "मग माझ्या पैशाने तुझ्या नावावर घे," तो म्हणाला. एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या एकट्याच्या नावावर घेणे म्हणजे बेनामी. जमीनही जाते आणि खटलाही होतो. बागेचे आंबे आम्ही विकतच खातो.

पैशाच्या बाबतीतही परदेशातल्या वाचकांच्या घरात हीच चूक दिसते. नोकरीला बाहेर गेल्यावर इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवतात. ते एनआरओ खात्यात बदलून घ्यायचे असते. घरभाडे, आगराचे उत्पन्न असे इथले पैसे एनआरओमध्ये जमा होतात. तिकडून पाठवलेल्या कमाईसाठी एनआरई खाते, त्यावरचे व्याज इथे करमुक्त असते. कधी घर विकायची वेळ आलीच, तर अनिवासी मालकाला पैसे देताना खरेदीदाराला देशातल्या विक्रेत्यापेक्षा बराच जास्त कर कापून भरावा लागतो. खरा कर कमी बसत असेल, तर विक्रीआधी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला घ्यावा. नंतर परतावा मागत बसण्यात वर्ष जाते.

आणि सुट्टीचे गणित. भाऊ नेहमी ईदच्या आठवड्यात येतात. तिकीट महाग, कचेऱ्या बंद, उरलेले दिवस दावती आणि लग्ने. शेवटच्या दिवशी आठवते, की बँकेत सही राहिली. कागदाचे काम असेल, तर सण सोडून या, आणि पहिल्या चार दिवसांत ते उरका.

यंदा मी घर उघडले, तेव्हा नेहमीचा कोंदट वास आला. वटवाघळाने माळ्यावर घर केले होते. दारे-खिडक्या उघडून ठेवल्या, चाचींकडची तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली, असरनंतर कब्रस्तानच्या कुंपणापर्यंत जाऊन अब्बा-अम्मींसाठी दुआ केली. निघताना जुडग्यातली पुढच्या दाराची एक किल्ली चाचींना दिली. त्यांची सून रोज संध्याकाळी ओटीवर दिवा लावून मुलांचा अभ्यास घेईल. विजेचे बिल थोडे वाढेल, वहीत लिहीन.

एसटी आंबेतच्या पुलावर आली, तेव्हा धाकट्याचा फोन आला. "डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन येतोय. स्वयंपाकघराच्या कौलांखाली पत्रा घालून घे, पैसे पाठवतो." थोडे थांबून म्हणाला, "आणि तो उतारा, त्याचा फोटो पाठव. चार नावांचा."

वाचकहो, तुमच्या माणसांपैकी कोणी परदेशात असेल आणि गावी घर असेल, तर या सुट्टीत एवढेच करा. सातबारा, नमुना ८ आणि विजेचे बिल, तिन्ही काढून समोर ठेवा आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते वाचा. ते नाव कब्रस्तानात असेल, तर अर्ज याच महिन्यात करा. आणि वारसांच्या यादीत बहिणींची नावे त्यांना न विचारता गाळू नका.