डेपोच्या फाटकावर ठेकेदाराची पाटी

देशाचे रक्षण ठेक्याने देता येते काय? असा प्रश्न केला की लोक हसतात. सैनिक काही ठेकेदाराचा नसतो, असे म्हणतात. खरे आहे. पण सैनिकाच्या पायातला बूट, अंगावरचा गणवेश, राहण्याचा तंबू, त्याच्या गाडीची दुरुस्ती, त्याचे दूध आणि त्याच्या मालाच्या पेट्या उचलणारा मजूर, यांतले किती आज ठेक्यावर चालते हे फारसे कोणी पाहत नाही. आम्ही पेशाने कारकून. हिशेब मांडणे हेच आमचे काम. म्हणून हा हिशेब समाजबांधवांपुढे ठेवत आहोत.

आपल्या लोकांचे आणि लष्कराचे नाते सर्वांना ठाऊक आहे. १८९० नंतरच्या काळात महारांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि युद्ध सरताच १९२१ साली ती मोडून टाकली. पुन्हा दुसऱ्या महायुद्धात गरज पडली, तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट झाली. गरज असली की भरती, गरज सरली की घरी! म्हणजे ठेका पद्धत आपल्याला काही नवी नाही.

मात्र पलटणीचे दार लागले असतानाही लष्करी कारखान्याचे आणि डेपोचे फाटक आपल्यासाठी उघडे राहिले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पुढे अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा, भद्रावती, अंबाझरी, देहू रोड असे कारखाने झाले. आमचे आजोबा गावकीची कामे टाकून १९४८ साली देहू रोडला आले आणि डेपोत मजूर म्हणून लागले. ज्या देहू रोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तिथली कितीतरी घरे या डेपोच्या पगारावर उभी राहिली. वडील १९७४ साली पॅकर म्हणून लागले आणि २०१० साली निवृत्त झाले. पगार काही फार नव्हता. पण सात तारखेला दुकानदाराला काय सांगायचे याची चिंता आईला कधी पडली नाही. दवाखाना होता, बोनस होता, वडिलांच्या नावाने सर्व्हिस बुक होते. वडील गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. आम्ही बी.कॉम. झालो ते त्या सर्व्हिस बुकाच्या जोरावर.

आमच्या पिढीपासून फाटक मिटू लागले. २००१ साली केंद्र सरकारने आदेश काढला, की थेट भरतीच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी एक तृतीयांशच भरायच्या. बाकीच्या जागा गेल्या त्या गेल्याच. माणूस निवृत्त झाला की त्याची खुर्चीही निवृत्त होऊ लागली. काम मात्र निवृत्त होत नाही. पेट्या तेवढ्याच येतात, गाड्या तेवढ्याच भरायच्या असतात. मग ते काम निविदा काढून ठेकेदाराला दिले जाते.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. शेकटकर समितीच्या शिफारशींवरून २०१७ साली सैन्याच्या ३९ दुग्धशाळा, ज्यांना मिलिटरी फार्म म्हणत, बंद करण्याचे ठरले. पहिला फार्म १८८९ साली अलाहाबादला निघाला होता. २०२१ साली शेवटचा बंद झाला. आता जवानाचे दूध बाहेरून येते. गाड्या, तोफा दुरुस्त करणाऱ्या बेस वर्कशॉपसाठी, ज्यांपैकी एक आपल्या खडकीत आहे, अशी योजना पुढे आली की जागा आणि यंत्रे सरकारची, चालवणार ठेकेदार. त्याच २०१७ साली ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांत होणाऱ्या १४३ वस्तू ‘नॉन-कोअर’ ठरवल्या, म्हणजे सैन्याने त्या बाजारातूनही घेतल्या तरी चालेल. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच मोडून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. त्यांतल्या एकीचे मुख्यालय पुण्यात, एकीचे नागपुरात. कामगारांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये संप केला होता; २०२१ साली कायदा करून वर्षभरासाठी संपावरच बंदी आणली.

या कंपन्या सरकारच्याच आहेत, हे सांगितले पाहिजे. आरक्षण तिथे कागदावर शिल्लक आहे. पण अलीकडे त्यांच्या दारूगोळा कारखान्यांत ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ म्हणून जी भरती निघते ती मुदतीची असते. आधी एक वर्ष, वाढवत वाढवत फार तर चार. अग्निवीरालाही चार वर्षेच. सीमेवरचा जवान चार वर्षांचा आणि त्याची गोळी भरणाराही चार वर्षांचा!

दुसरी बाजूही आम्हाला ठाऊक आहे. सरकारी कारखान्यांच्या मालाच्या दर्जावर आणि दिरंगाईवर कॅगने वेळोवेळी कडक ताशेरे ओढले आहेत. सदोष गोळा तोफेतच फुटला तर मरतो तो जवान, आणि तोही गरिबाचाच पोरगा असतो. खासगी कारखान्यानेही काम करून दाखवले आहे. नागपूरच्या एका खासगी कंपनीला २०२० साली दहा लाख हातबॉम्बचे कंत्राट मिळाले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिला माल तिने सैन्याच्या हवाली केला. सरकारी तेवढे चांगले आणि खासगी तेवढे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. ठेक्यात माल कदाचित चांगला येईल. पण माल हलवणाऱ्या माणसाचे काय होते, एवढेच आम्ही विचारतो.

ठेक्याने पैसा वाचतो, असे सांगतात. या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेने केला. १९९२ साली तिथल्या सैन्याने आपल्या छावण्यांचे जेवण, धुलाई, इंधन वगैरे पुरवण्याचे मोठे कंत्राट एका कंपनीला दिले. पुढे इराकच्या युद्धात छावणीतली भांडी घासायला नेपाळ, फिलिपाइन्स आणि आपल्या भारतातले गरीब नेले गेले. ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली गावातला दलाल. २००४ च्या ऑगस्टमध्ये बारा नेपाळी तरुणांना इराकमध्ये अतिरेक्यांनी पळवून ठार मारले. घरून निघताना त्यांना जॉर्डनमध्ये हॉटेलात काम आहे असे सांगितले होते. आणि वाचलेला पैसा? अमेरिकेच्याच चौकशी आयोगाने २०११ साली सांगितले, की इराक आणि अफगाणिस्तानातल्या कंत्राटांत ३१ ते ६० अब्ज डॉलर उधळपट्टीत आणि लबाडीत गेले.

आता आपल्या घरातले सांगतो. आमच्या चुलतभावाचा मुलगा आय.टी.आय. झाला. वय चोवीस. कायम भरतीची वाट पाहून थकला आणि पुणे परिसरातल्या एका संरक्षण आस्थापनेत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला. काम तेच, जे त्याच्या आजोबांनी केले होते. गाडीतून पेटी उतरव, थप्पी लाव, चिठ्ठी जुळव. शेजारी कायम कामगार तीच पेटी दुसऱ्या बाजूने धरतो. पेटी एक, वजन एक, पण पगारात जवळजवळ तिपटीचा फरक.

एका रात्री तो स्लिप घेऊन आला. सौ. भाकरी थापत होती, आम्ही तिथेच पाट टाकून बसलो. वहीत त्याने स्वतः लिहिलेली हजेरी सव्वीस दिवसांची, स्लिपवर एकोणीस दिवस. भविष्यनिर्वाह निधी सात महिने कापलेला, आणि मोबाईलवर पासबुक उघडले तर जमा दोनच महिन्यांची. कारकुनाच्या डोळ्यांना हे कोडे अवघड नव्हते. निविदा सर्वांत कमी दरवाल्याला मिळते. किमान वेतन कायद्याने ठरलेले, म्हणून ठेकेदार स्वतःचे सेवाशुल्क नाममात्र दाखवतो. नफ्याशिवाय कोणी धंदा करील काय? तो नफा मग या सात दिवसांतून आणि पाच महिन्यांतून निघतो.

आम्ही म्हणालो, “अर्ज करू.” तो म्हणाला, “काका, पुढच्या टेंडरला माझं नाव राहणार नाही.” दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. म्हणाल्या, “भावजी, तुम्ही अर्ज लिहून मोकळे व्हाल, पण इथं माझ्या पोराचा डबा बंद होईल.” चळवळीत वीस वर्षे काढली तरी या वाक्याला द्यायला उत्तर आमच्याजवळ नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, की ठरवायचे त्याने.

कायदा काय सांगतो ते मात्र त्याला नीट समजावले. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० सालचा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यायची, असे त्यात होते. १९७१ च्या केंद्रीय नियमांत तर कायम कामगारासारखेच काम असेल तर वेतनही तेवढेच, असे स्पष्ट लिहिले होते. किती ठिकाणी पाळले गेले ते वाचकांना सांगायला नको. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की ज्या कामात ठेका पद्धतीला मनाई झाली तिथले ठेका कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. ३० ऑगस्ट २००१ रोजी मोठ्या खंडपीठाने ते फिरवले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कायदा जाऊन नवी श्रमसंहिता आली आहे. मजुरीची जबाबदारी मूळ मालकावर तिथेही आहे. पण पूर्वी वीस ठेका कामगार असले की कायदा लागू व्हायचा, आता पन्नास लागतात. एकोणपन्नास माणसे ठेवणारा ठेकेदार शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

पोराने दोन दिवस विचार केला आणि आणखी तिघांना घेऊन सही केली. अर्ज निधीच्या कार्यालयात दिला. चार महिन्यांनी पाच महिन्यांची रक्कम जमा झाली. बुडालेल्या दिवसांची मजुरी अजून आलेली नाही. मार्चअखेर ठेका संपला, नवा ठेकेदार आला. जुन्या माणसांतली बहुतेक त्याने घेतली. सही करणाऱ्या चौघांतल्या दोघांना बोलावणे आले नाही. आमच्या पुतण्याला आले. का आले आणि त्या दोघांना का नाही, याचा उलगडा कोणालाच झालेला नाही. नव्या गेटपासवर त्याची रुजू होण्याची तारीख १ एप्रिल आहे. त्याच फाटकातून तो तीन वर्षे आत जात होता. कागदावर त्याची नोकरी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू झाली.

आरक्षणाचे लोक मोर्च्यात बोलतात, ते योग्यच आहे. पण आरक्षण कोणी रद्द केल्याची बातमी कधी येणार नाही. रोस्टर असते ते जागेला. जागाच नसली तर रोस्टरच्या वहीत लिहायचे काय? ठेकेदाराला कोणाचेही पंधरा टक्के भरावे लागत नाहीत. तो माणसे आपल्याच नाक्यावरून उचलतो, म्हणून हेल्परांत आपली मुले भरपूर दिसतात. सुपरवायझरच्या टेबलाशी मात्र ती फारशी दिसत नाहीत. वडिलांच्या वेळी पॅकरचा स्टोअरकीपर होत असे. हेल्परचा काय होतो?

आणि धोका. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत ठेकेदाराने आसपासच्या खेड्यांतून रोजावर आणलेले मजूर होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या सरकारी कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार गेले. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावला खासगी स्फोटक कारखान्यात नऊ गेले, त्यांत सहा स्त्रिया. दारूला मालक कोण ते कळत नाही. पण कायम कामगार गेला तर घराला निवृत्तिवेतन असते, अनुकंपा तत्त्वावर मुलाला किंवा पत्नीला अर्ज करता येतो. ठेक्यावरचा गेला तर एकदाची नुकसानभरपाई, आणि कार्ड असेल तर ईएसआयचे काही. कार्ड नसेल तर फोटो छापून येतो.

ज्या घरात कोणी डेपोत, वर्कशॉपमध्ये, कारखान्यात ठेक्यावर असेल, त्यांनी हजेरी स्वतःच्या वहीत रोज लिहावी. स्लिप मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. यूएएन क्रमांक आणि ईएसआय क्रमांक घरातल्या बाईलाही माहीत असावा. गेटपासची झेरॉक्स काढून ठेवावी, कारण ठेका संपला की पास परत घेतात आणि तुम्ही तिथे होतात याचा दुसरा पुरावा राहत नाही. जुन्या ठेकेदाराचा निधी नव्या खात्यात वळवून घ्यावा; कितीतरी मुलांची तीन-तीन खाती बेवारस पडली आहेत.

आमच्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर आम्ही आणि निवृत्त झालेले दोन स्टोअरकीपर हे कागद बघायला बसतो. गेल्या रविवारी चौदा मुले आली होती. नऊ जणांना आपला यूएएन माहीत नव्हता. एकाच्या पासबुकात वडिलांचे नावच चुकीचे होते, ते दुरुस्त करायला दिले आहे. वहिनी आल्या होत्या, चहा त्यांनीच केला. जाताना म्हणाल्या, त्या राहिलेल्या दोन मुलांचे कागदही पुढच्या रविवारी घेऊन येते.