शाळेचा कर कोणी भरायचा?

न्यू जर्सीतली माझी मावसबहीण घर शोधत होती. फोनवर म्हणाली, "अगं, इथे आधी शाळा बघायची, मग घर. घरपट्टीतूनच शाळा चालते ना!" तेवढ्यावरून माझं जुनं वेड उसळलं. शाळेचा खर्च सगळ्या गावाने करातून उचलायचा, ज्यांना मूलबाळ नाही त्यांनीसुद्धा, हा विचार होरेस मान 1837 पासून मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचा सचिव म्हणून लोकांच्या गळी उतरवत होता. 1852 मध्ये त्या राज्याने मुलांची हजेरी सक्तीची केली. आपल्याकडे हा विचार कुठल्या वाटेने आला, ते शोधायला मी नाशिकहून मुंबईला निघाले.

चर्नी रोडजवळच्या लॉजची खिडकी जिन्यात उघडत होती, पाणी सकाळी जेमतेम तासभर, आणि ठरलेलं भाडं निघताना वाढलं. चौपाटीला वळसा न घालता मी गिरगावच्या गल्ल्यांत शिरले. 1849 मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. लोकनिंदा पत्करून दिली.

पण त्याच्याही आधी मुंबईत अमेरिकन आले होते. गॉर्डन हॉल 1813 मध्ये इथे उतरला, मराठी शिकला, आणि 1826 मध्ये आमच्याच नाशिककडून परतताना पटकीने गेला. त्याच्या मिशनने मराठी शाळा काढल्या, 1824 मध्ये मुलींची शाळाही सुरू केली, आणि छापखाना चालवला. याच छापखान्यात लहानपणी टाइप घासणाऱ्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला. मराठी पोरांच्या हातात छापील पुस्तक यायला या सगळ्याची मदत झाली, हे मी मनापासून मानते.

दादरला एका निवृत्त इतिहासाच्या प्राध्यापकांकडे मी हेच उत्साहाने सांगायला लागले, तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाई, ती सार्वजनिक शाळा नव्हे. ती देणगीदारांची शाळा. हेतू धर्मप्रसाराचा. तुम्ही कराचं विचारताय, तर फुल्यांकडे जा."

सर बरोबर होते, आणि तरी माझा मुद्दा मी सोडला नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. म्हणजे त्यांची नजर तिकडे होतीच. 1882 मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. माझ्या मते सार्वजनिक शाळेचा मराठी इतिहास या हिशेबापासून सुरू होतो. कर भरणाऱ्याने आपल्या पैशाचा जाब विचारला.

"आणि अमेरिकेचं फार कौतुक नको," सर म्हणाले. "काळ्यांच्या पोरांना वेगळी शाळा चालायची तिथे. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली 1954 मध्ये." यावर मला बोलता आलं नाही.

इकडे फुल्यांच्या मागणीनंतर गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. विठ्ठलभाई पटेलांनी 1918 मध्ये मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी कायदा करून घेतला. अमेरिकेतलं शेवटचं राज्य, मिसिसिपी, सक्तीच्या हजेरीला तयार झालं तेही 1918 मध्येच! मुंबई शहरासाठी कायदा 1920 मध्ये आला आणि 1925 मध्ये परळ-दादरचा भाग असलेल्या एफ आणि जी वॉर्डांत सक्ती लागू झाली. गिरणगावाच्या पोरांसाठी.

परळ-लालबागला जायचं ते यासाठी. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा काढल्या; पाळी संपवून आलेला माणूस पाटी घेऊन बसायचा. त्यांच्याच दामोदर हॉलमध्ये 1924 साली बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम सुरू केलं. जवळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. कोलंबियात जॉन ड्यूईंच्या वर्गात बसलेला हा विद्यार्थी, आणि शेजारी गिरणीचे भोंगे. 1927 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी शिक्षणावरच्या तुटपुंज्या खर्चावर सरकारला धारेवर धरलं. फुल्यांचाच हिशेब, नव्या आकड्यांनी.

दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचं घर, राजगृह, आहे, पण तिथे जायचा बेत बारगळला. परळला महापालिकेच्या एका शाळेसमोर पाय थबकले. व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूने रकाने आखलेले: इयत्ता, पट, हजर. वरच्या दोन इयत्तांचे रकाने कोरे. रखवालदार म्हणाला, "वरचे वर्ग बंद झाले, ताई. पोरं इंग्रजीला गेली." गिरण्या गेल्या, 1982 च्या संपानंतर कामगार पांगले, आणि आता त्यांच्या पोरांसाठी उभी राहिलेली शाळाही रिकामी होते आहे. मला राग आला. आसपासच्या टॉवरांतले लोक मालमत्ता कर भरतात, त्यातून ही शाळा चालते, आणि त्यांच्यापैकी कोणाचं मूल इथे येत नाही, म्हणून कोणी जाब विचारत नाही.

संध्याकाळी सरांना फोन करून हेच सांगितलं. ते म्हणाले, "न्यू जर्सीतसुद्धा श्रीमंत गावाची शाळा वेगळी, गरीब गावाची वेगळी. बहिणीला विचारा." विचारलं. ती म्हणाली, "खरंय. म्हणून तर आम्ही महागाचं घर घेतोय."