सगळ्या वाटा खुल्या ठेवण्याची किंमत

दहावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सायन्सला टाकू, म्हणजे पुढच्या सगळ्या वाटा खुल्या राहतात.’ बोलणारे वडील शेतकरी असोत, एसटीत वाहक असोत की शाळेत शिक्षक, वाक्य बदलत नाही. करिअर मार्गदर्शनाचं काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त झुंजावं लागतं ते याच वाक्याशी, कारण ते धड खोटंही नाही. बारावी सायन्स झालेल्याला पुढे कला, वाणिज्य, विधी यांपैकी कुठेही वळता येतं. बारावी कला झालेल्याला वैद्यकीयला किंवा अभियांत्रिकीला जाता येत नाही. कागदावर हिशेब बरोबर दिसतो, पण तो अर्धाच मांडलेला असतो. वाट खुली ठेवायची तर तिच्यासाठी काहीतरी मोजावं लागतं. ते किती, आणि ते कोण मोजणार, हे मुलापुढे आणि पालकांपुढे उघड करून ठेवणं हे माझ्या मते या कामातलं खरं कसब आहे. बाकीची माहिती कुणीही देऊ शकतो.

वाट खुली आहे म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करू. अभियांत्रिकीच्या पदवीला बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि त्यांच्या जोडीचा विषय यांत मिळून किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०, त्यावर सीईटी. वैद्यकीयला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, आणि ही तर नुसती पात्रता झाली. २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा होत्या १ लाख १० हजारांच्या आसपास. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, जळगावातलं शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं. घराजवळ कॉलेज आलं की जागाही जवळ आल्यासारखी वाटते. गुणवत्ता यादी मात्र ते अंतर बघत नाही. म्हणजे सायन्सची वाट खुली असते ती एका उंबरठ्याच्या अलीकडे. बारावीला तिन्ही विषयांत काठावर पास झालेल्या मुलासाठी अभियांत्रिकी बंद, वैद्यकीय बंद, आणि कला-वाणिज्याच्या पदवीला तो जाईल तेव्हा त्या विषयांची दोन वर्षांची तयारी करून आलेल्यांच्या मागे बसलेला असेल. शिवाय सायन्स ही काही एकच वाट नव्हे. अकरावीत गणित सोडलं की त्याच दिवशी अभियांत्रिकीचं दार लागतं, जीवशास्त्र सोडलं की वैद्यकीयचं. पुन्हा उघडायचं तर तो विषय वेगळा घेऊन परीक्षेला बसावं लागतं. फार्मसी आणि कृषीच्या पदवीला दोन्हींपैकी कोणताही गट चालतो, हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी मुलं दोन्ही विषयांचं ओझं दोन वर्षं वाहतात. म्हणून मार्गदर्शकाने शाखेचं नाव घेण्याआधी विषयांची नावं घ्यावीत, आणि त्याहीआधी पुढच्या प्रवेशाची अट वाचावी, मागून पुढे यावं.

त्या वाक्याविरुद्धचा सगळ्यात ठोस पुरावा मात्र आपल्या भुसावळातच उभा आहे. भुसावळ हे मध्य रेल्वेचं मोठं जंक्शन, तिथे विद्युत इंजिनांची शेड आहे, रेल्वेची प्रशिक्षण संस्था आहे. शेजारी दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी. या पट्ट्यातल्या मुलाला इंजिन चालवायची इच्छा असणं अगदी साहजिक. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला दहावीनंतर ठरावीक ट्रेडचा आयटीआय किंवा अभियांत्रिकीची पदविका वा पदवी लागते. नुसती बारावी सायन्स तिथे चालत नाही, बी.एस्सी.ही चालत नाही. वीज कंपनीत विद्युत सहाय्यक व्हायचं तर वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे सगळ्या वाटा खुल्या ठेवायच्या म्हणून जी शाखा घेतली, तिनेच गावाच्या वेशीवरची वाट बंद केली. पदविकेचंही तसंच. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षं आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन आणखी तीन, अशी सहा वर्षं होतात. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, तीही सहाच. वेळ तेवढाच लागतो. फरक इतकाच की पदविकेच्या रस्त्यावर तिसऱ्या वर्षाअखेर हातात नोकरीलायक कागद असतो आणि बारावीच्या रस्त्यावर मधल्या टप्प्याला असा कागद नसतो. उलट बारावीत अडखळून नंतर तंत्रनिकेतनाकडे वळणाऱ्याला दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला तरी पदविका हातात यायला दहावीपासून चार वर्षं जातात. हे एक वर्ष म्हणजे वाट खुली ठेवल्याचं भाडं. ज्या घरात हे वर्ष सहज निभतं तिथे ते खुशाल द्यावं. ज्या घरात मोठा मुलगा कमवायला लागण्याची वाट बघत कर्जाचे हप्ते थांबलेले असतात, तिथे ते आधी सांगितलंच पाहिजे.

किमतीचा दुसरा भाग पैशांत मोजता येत नाही, आणि खानदेशात तोच जड आहे. आपल्याकडे धुळे, साक्री, अमळनेर, पारोळ्याच्या घरांत अहिराणी बोलतात. रावेर-यावलकडे लेवा बोली. चोपडा-शिरपूरच्या सातपुड्यात पावरी आणि भिलोरी. शाळेत मूल प्रमाण मराठी शिकतं, आणि अकरावी सायन्सला गेलं की भौतिक, रसायन, गणित सगळं एकदम इंग्रजीत. सेमी इंग्रजीतून आलेल्याला निदान संज्ञा ओळखीच्या असतात. पूर्ण मराठी माध्यमातून ८५ टक्के घेऊन आलेल्या मुलाची पहिली सहामाही भाषेतच संपते, तोवर क्लासमधला वेग कुठल्या कुठे गेलेला असतो. हा बुद्धीचा प्रश्न नाही, पण निकालपत्रकावर तो बुद्धीचा प्रश्न म्हणूनच छापला जातो, आणि मूलही तसंच समजून बसतं. असं मूल पुढे साध्या स्पर्धा परीक्षेच्या अर्जालाही बिचकतं. गमावलेल्या वर्षापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

मग कोणतं मूल सायन्स पेलेल हे ओळखायचं कसं? दहावीचे टक्के इथे फारसे कामाचे नाहीत. प्रत्येक विषयाच्या शंभरांतले वीस गुण शाळेच्या हातातले, टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांची, आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण त्यात मिसळलेले. ९१ टक्क्यांचं मूल आणि ८३ टक्क्यांचं मूल यांत गणिताला बळकट कोण, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका मात्र पुष्कळ सांगतात. मुलांनी त्या जपून ठेवल्या असतील तर समोर उघडाव्यात. बीजगणितात सूत्रात किमती घालून उत्तर काढण्याची उदाहरणं सगळी बरोबर आणि शाब्दिक उदाहरणं कोरी, असं दिसलं तर पाठांतर चांगलं आहे, परिस्थितीचं समीकरण करणं अजून जमलेलं नाही. भूमितीत सिद्धता अर्धवट सोडली आहे पण आकृती नीट काढून दिलेल्या गोष्टी त्यावर अचूक मांडल्या आहेत, तर गुण गेले असले तरी विचार सुरू झाला आहे. अशा मुलाला मी पदवीच्या अभियांत्रिकीपासून परावृत्त करणार नाही. विज्ञानात व्याख्या पूर्ण आणि ‘कारणे लिहा’ रिकामं, हा धोक्याचा इशारा. यानंतर अकरावीच्या भौतिकशास्त्राचं एक पान पुढे ठेवावं, इंग्रजी पुस्तकातलं, चार-पाच परिच्छेदांचं. वीस मिनिटं द्यावीत आणि त्यात काय म्हटलंय ते आपल्या भाषेत सांगायला सांगावं. अहिराणीत सांगितलं तरी चालेल, किंबहुना तसंच सांगू द्यावं. शब्द अडले पण कार्यकारण बरोबर आलं, तर भाषेवर उन्हाळाभर मेहनत घेऊन ते मूल सायन्स पेलेल. शब्द सगळे वाचता आले आणि सांगायला काहीच नाही, तर टक्के कितीही असोत, घाई करू नये.

यावर पहिला आक्षेप असा, की पंधराव्या वर्षी मुलाला स्वतःला काय आवडतं हेही कळत नाही, तेव्हा इतक्या लवकर काही ठरवायचं कशाला? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच राज्य शासनाने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी सुरू केली. कृषी, वाणिज्य, कला, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत मुलाचा कल ती दाखवत असे. अशा चाचणीला मी नावं ठेवणार नाही, पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. मुलाने आजवर जे पाहिलं त्यातलं काय आवडलं, एवढंच ती सांगते. रावेरच्या मुलाने केळीचे घड पाहिलेले असतात. जळगावात ऊतिसंवर्धनाने केळीची रोपं तयार होतात ती प्रयोगशाळा त्याने पाहिलेली नसते. ठिबकच्या नळ्या रोज पायात येतात, त्या नळीचा साचा कोण बनवतं, पाण्याच्या दाबाचा हिशेब कोण करतं, हे कुणी दाखवलेलं नसतं. न पाहिलेल्या गोष्टीकडे कल कसा होणार? तेव्हा उपाय निर्णय पुढे ढकलण्याचा नाही, आठवी-नववीत दाखवण्याचा आहे. दोन वर्षं सायन्सला बसवून ठेवल्याने मुलाला स्वतःची ओळख पटत नाही. त्या दोन वर्षांत ते क्लास, टेस्ट सिरीज आणि क्लास एवढंच पाहतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. आयटीआय आणि पदविकेचा सल्ला शेवटी मिळतो कुणाला? शेतमजुराच्या, आदिवासी पाड्यावरच्या, दलित वस्तीतल्या मुलाला. डॉक्टरच्या मुलाला कुणी फिटर हो म्हणत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हातकामात अडकवलं त्यांनाच पुन्हा हातकाम शिकवायचं, हा मार्गदर्शनाच्या नावाखाली जुनाच अन्याय आहे, असं कुणी म्हटलं तर त्याला उडवून लावता येणार नाही. माझं उत्तर असं आहे. मुलाच्या वडिलांचा धंदा विचारण्याआधी त्याच्या उत्तरपत्रिका बघाव्यात, आणि सल्ला त्यांच्यावरून ठरवावा. जी उंच वाट डॉक्टरच्या मुलाला सांगितली जाते ती पाड्यावरच्या मुलीलाही सांगावी, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या नावानिशी. आणि जी वाट सांगू तिला वर जाणारी शिडी हवी. आयटीआयची दोन वर्षं केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षात. ही शिडी त्याच बैठकीत, पात्रतेच्या गुणांसकट समजावली नाही तर तो सल्ला खरोखरच अन्याय ठरतो. पण याच आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. भाषेची, तयारीची मदत न देता गरीब मुलाला सायन्समध्ये ढकलून तिथे नापास होऊ देणं ही समता नव्हे. त्या अपयशाची झळ श्रीमंत घराला लागत नाही. तिथे रिपीट करायला लातूर आणि कोटा असतं.

मुलींच्या बाबतीत हिशेबात आणखी एक रकाना येतो, अंतराचा. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, म्हणून तालुक्याच्या गावी अकरावीला जाणं जमून जातं. खरी अडचण बारावीनंतर येते. जुलै २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केलं. ‘एवढी फी कोण भरणार’ हे जुनं कारण त्यामुळे बरंचसं निकालात निघालं आहे, पण ही बातमी पाचोरा-शिंदखेड्याच्या खेड्यांत आईपर्यंत पोचलेली असतेच असं नाही. आईपर्यंत म्हणतोय ते मुद्दाम. मुलीला बाहेर पाठवायचं की नाही हे पुष्कळदा तिच्या होकारावर ठरतं. तिला फीपेक्षा वसतिगृह कुठे आहे, मेस कशी आहे, रात्री उशिराची बस आहे का, हे कळायला हवं असतं. मार्गदर्शकाकडे ही उत्तरं तयार हवीत.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि जळगाव-धुळ्याची मुलंही दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम भरू लागली. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. अर्ज भरताना नेट कॅफेवाल्याने सुचवलेलं नाव पहिल्या ओळीत टाकलं जातं ते इथे महागात पडतं. आणि या दहा नावांत निवड करायला मुलाकडे आधार कोणता? चौकातला फ्लेक्स. त्यावर नीटला निवड झालेल्या पाच-सहा मुलांचे फोटो असतात. कॉलेजांना माझी मागणी साधी आहे. त्या फ्लेक्सशेजारी दुसरा एक कागद लावा: दोन वर्षांपूर्वी अकरावी सायन्सला किती मुलं घेतली, त्यांतली मराठी माध्यमाची किती, बारावीच्या परीक्षेला किती बसली, भौतिक-रसायन-गणितात ४५ टक्क्यांच्या वर किती गेली, जीवशास्त्राच्या गटात ५० च्या वर किती. आकडे कार्यालयातल्या रजिस्टरात आहेतच. जून उजाडायच्या आत ते दारावर लागले, तर पालक आपला हिशेब आपणच पुरा मांडतील.