दारातली गाडी आणि घराची पत

बँकेत पस्तीस वर्षे मी इतरांची पत तपासत आलो. आपली पतही कोणी तपासून पाहील, असे मात्र कधी वाटले नव्हते. निवृत्तीनंतर मोटार विकून विजेवर चालणारी सायकल घेतली आणि तोही अनुभव आला.

बिबवेवाडीतील आमच्या सोसायटीत मोटार आठवड्यातले पाच दिवस उभीच असे. विमा, देखभाल आणि घसारा कागदावर मांडला, तेव्हा ती ठेवण्याचे कारण उरले नाही. मार्केट यार्ड, बँक, दवाखाना, रविवार पेठेतील धाकट्या भावाचे कापडाचे दुकान, सारे पाच-सहा किलोमीटरच्या आत. सायकलीची मोटर २५० वॉटची, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत. म्हणून नोंदणी नको, परवाना नको. बॅटरी काढून घरात चार्ज करायची. त्यासाठी अर्धा युनिटही वीज लागत नाही. स्वारगेटकडे जाताना उतार असतो. परतीच्या चढावर मात्र तिचे मोल कळते.

भाऊ म्हणाला, "दादा, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण बाजार हिशेब पाहत नाही, दारातली गाडी पाहतो." मी ते हसण्यावारी नेले. त्याने मात्र माझी सायकल दुकानासमोर न लावता मागच्या बोळात लावायला सांगितले.

महिन्याभराने एका लग्नात एका परिचित व्यापाऱ्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "सगळं ठीक आहे ना?" त्याच आठवड्यात एका घाऊक व्यापाऱ्याने भावाकडे मुदतीआधीच बाकी मागितली. त्या रात्री मला झोप आली नाही. निर्णय माझा होता. झळ त्याला लागली होती. एकत्र नावाने ओळखल्या जाणाऱ्या घरात पतही सामाईक असते, हे मी विसरलो होतो.

त्या व्यापाऱ्याला दोष तरी कसा द्यावा? शाखेत असताना चकचकीत मोटारीतून उतरणाऱ्या अर्जदारासाठी मीही खुर्चीवरून उठत असे. पुढे थकलेल्या कर्जांच्या यादीत त्यांच्यापैकी काहींची नावे मीच लिहिली, आणि पायी येणारे कित्येक जण हप्ता एक दिवसही चुकवत नसत.

भावाने ती बाकी त्याच दिवशी चुकती केली. एका शब्दानेही मला बोलला नाही. पुढच्या हंगामात त्याच व्यापाऱ्याने पूर्वीच्याच मुदतीवर माल पाठवला.

सायकलीने सारे भागते असे नाही. पावसात आणि सौभाग्यवतींच्या गुडघेदुखीमुळे आम्हाला रिक्षा करावी लागते. तो खर्चही मी वहीत मांडतो. भावाला धंद्यासाठी मोटार हवीच, ती त्याने ठेवावी. परवा दुकानात गेलो आणि सवयीने बोळाकडे वळलो, तेव्हा तो गल्ल्यावरून म्हणाला, "दादा, इथेच लावा, समोर."

मी सायकल दुकानासमोर लावली.